सदुसष्ट इंच

दुकानाच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली होती आणि शनिवारी सुतार नवी बसवायला येणार होता. जुन्या चौकटीच्या डाव्या खांबावर दादाच्या उंचीच्या खुणा होत्या. पहिली त्याच्या चौथ्या वाढदिवसाची, शेवटची विसाव्याची. खांब निघण्याआधी त्या सगळ्या उतरवून घ्यायच्या, म्हणून मी कामावरून पोलादी टेप मागून आणली.

मी काम करते तिथे दुसऱ्यांची मापं तपासली जातात. कारखान्यांतल्या पट्ट्या, वजनं, तापमापक आमच्याकडे येतात आणि कितीने चुकतात त्याचा दाखला घेऊन परत जातात. खोली बारा महिने वीस अंशांवर ठेवतात, कारण उन्हाळ्यात पोलादसुद्धा थोडं वाढतं. टेप देताना आमचे साहेब म्हणाले, "चौकटच मोजायचीय ना? का घरच्यांची परीक्षा घेणार आहेस?"

"सोमवारी परत आणते, सर."

"आण. आणि वाकवू नकोस. नाहीतर टेपच्या जागी तुलाच गुंडाळून कपाटात ठेवीन."

दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. एका मंगळवारी दुपारी तो नदीपलीकडच्या गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला गेला. कोट पोचला. गिऱ्हाइकांनी घालून पाहिला, खांद्यात छान बसलाय म्हणाले. दादाने पाणी मागितलं, प्यायला, ग्लास हातात परत दिला. एवढंच ठाऊक आहे. त्याची सायकल त्यांच्या कुंपणाला कुलूप लावून उभी सापडली. किल्ली त्याच्याबरोबर गेली. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि तो मला टाचणी म्हणायचा. बारीक होते म्हणून, आणि उगाच टोचायचे म्हणूनही.

बाबा शिंपी आहेत. दुकान पुढे, घर मागे, मधे एक पडदा. पडद्याशी आईचं स्टूल. काजं, बटणं, हातशिलाई तिच्याकडे. बाबांची मापाची वही कपड्यांच्या कपाटात नाही, देवाच्या शेजारी असते. त्या वहीत गिऱ्हाइकांच्या छात्या-कंबरा आहेत आणि दर वाढदिवसाला घेतलेली दादाची उंची आहे. शेवटचा आकडा सदुसष्ट इंच. पाच फूट सात.

तो वाढदिवस मला आठवतो. दादा खांबाला पाठ लावून उभा होता, बाबांनी डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरून पेन्सिलीने रेघ मारली आणि गळ्यातली टेप लावली.

"सदुसष्ट."

"बाबा, काहीतरीच! साडेआठ आहे मी. पाच फूट साडेआठ. व्यायामशाळेच्या भिंतीवर पट्टी आहे, तिथे बघितलंय."

"व्यायामशाळेची भिंत पोरांना खूश करायलाच बांधलेली असते. टेप खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. आणि रेघ मारताना टाचा उचलल्या होत्यास, मी बघितलं. खरं तर सासष्टच धरायला हवेत."

त्यानंतर चार महिन्यांनी तो गेला. पोलिसांत नोंद लिहिताना आई म्हणाली होती, "तो साडेआठ सांगतो." बाबा म्हणाले, "तो सांगेल काहीही. सात लिहा. मी शिंपी आहे."

मी खांबापाशी उकिडवी बसून खालून वर मोजत गेले. चौथ्या वाढदिवसाची खूण, पाचव्याची, सहाव्याची. एका कागदावर सेंटिमीटर लिहीत होते. शेवटच्या खुणेपर्यंत पोचले तेव्हा उभी राहिले. एकशे चौऱ्याहत्तर पूर्णांक चार.

सदुसष्ट इंच म्हणजे एकशे सत्तर. चार सेंटिमीटर जास्त. मी टेपचं टोक पुन्हा जमिनीला टेकवलं, पुन्हा मोजलं. तेच. मग माझ्या स्वतःच्या शेवटच्या खुणेकडे वळले. ती उजव्या खांबावर आहे. वहीत बासष्ट इंच आहे. नोकरीच्या वेळच्या तपासणीत डॉक्टरांनी मला एकशे एकसष्ट सेंटिमीटर, म्हणजे साडेत्रेसष्ट इंच लिहिलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "नोकरी लागल्यावर माणूस ताठ उभा राहतो." आम्ही सगळे हसलो होतो. माझं काम चुका शोधायचं, आणि मीही हसले होते.

पोलादी टेपवर माझीही खूण एकशे एकसष्टच निघाली.

बाबा आतल्या खोलीत चहा पीत होते. त्यांची टेप कटिंगच्या टेबलावर पडली होती. पिवळी, कडा काळपट, आकडे मधूनमधून पुसलेले. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्यांनी दिलेली, दादाच्या जन्माच्याही आधीची. मी ती टेबलावर सरळ ठेवली आणि शेजारी पोलादी टेप लावली. शून्याला शून्य. बाबांच्या टेपवरचा साठचा आकडा माझ्या टेपवरच्या साडेएकसष्ट इंचांपाशी आला.

कापडी टेप ओढून ओढून ताणते. हे कुणालाही माहीत असतं. पण ही टेप ताणलीय हे या दुकानात कधी कळलंच नसतं, कारण बाबा माणूस मोजतात त्याच टेपने आणि कापड मोजतात तेही त्याच टेपने. छाती अडीच टक्के कमी मोजली जाते, पण कापतानाही तेवढंच कापड जास्त कापलं जातं. शर्ट बरोबर बसतो. तीस वर्षं प्रत्येक शर्ट बरोबर बसला. आकडा दुकानाबाहेर गेला तेव्हाच तो चुकीचा झाला, आणि दुकानाबाहेर गेलेला आकडा एकच होता.

बेपत्ता माणसांच्या नोंदीची खिडकी मला पाठ आहे. दरवर्षी आम्ही तिथे विचारायला जातो. बाहेर कुठे कुणी सापडला, जिवंत पण स्वतःचं नाव न सांगणारा, किंवा जिवंत नसलेला, तर त्याची उंची आणि अंदाजे वय त्यांच्या संगणकात जातं. संगणक आमच्या नोंदीच्या दोन सेंटिमीटर वर आणि दोन सेंटिमीटर खाली बघतो. बाकीचे तो दाखवतच नाही. अकरा वर्षं तो एकशे सत्तरच्या आसपास शोधत होता. दादा त्या चाळणीतून पहिल्याच दिवशी खाली पडला होता.

बाबांना न सांगता आकडा बदलता आला असता तर मी तसंच केलं असतं. पण नोंद बदलायला ज्याने ती केली त्याची सही लागते.

"काय गं, चौकट पळून गेली का?" बाबा कपबशी घेऊन बाहेर आले. "इतका वेळ काय मोजतेयस?"

मी काही बोलायच्या आत त्यांना टेबलावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन टेपा दिसल्या. त्यांनी कप खाली ठेवला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. बोटाने साठचा आकडा दाबला, मग समोरचा. कारागिराला समजावून सांगावं लागत नाही.

"तुझी बरोबर कशावरून?" त्यांनी विचारलं.

"तिचा दाखला आहे, बाबा."

"दाखला." ते खांबाकडे गेले. दादाच्या खुणेवर अंगठा ठेवून उभे राहिले. "किती येतंय?"

"एकशे चौऱ्याहत्तर. पाच फूट साडेआठच्या थोडं वरच."

मग ते म्हणाले, "टाचा उचलल्या होत्या त्याने. खूणच वर गेलीय. मी बघितलं होतं."

"माझ्या खुणेचा आकडाही तितक्याच प्रमाणात चुकतोय."

"तूही उचलल्या असशील. भावाचंच वळण." हे म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. "एका लाकडावरच्या रेघेवरून तू मला सांगतेस की मी पोराला..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. पुढचं त्यांना नको होतं आणि मलाही.

पडद्याशी आई शर्टाला बटण लावत होती. तिने दाताने दोरा तोडला आणि सुई सुयांच्या छोट्या गादीत टोचली. "मला आकडे नाही कळत," ती म्हणाली. "पण तो जाताना मी रोज त्याची कॉलर मागून सरळ करायचे. सरळ करून झाली की डोक्यावर एक टपली. त्याला आवडायचं नाही."

"मग?"

"मग काय? हात माहितीय ना कुठवर जायचा ते."

ती उठली. चपला काढून ठेवल्या. तेव्हा घरात अनवाणीच असायची, म्हणाली. दुकानाच्या मधोमध उभी राहून तिने उजवा हात उचलला, तळवा खाली करून, हवेत. जरा पुढे. जरा वर. मग हात थांबला, आणि तो नुसता थांबला नाही, कशावर तरी टेकला.

"हलू नकोस," मी म्हणाले.

मी जमिनीपासून टेप वर नेली. तिचा हात जागचा हलला नाही. तळव्याच्या खालच्या बाजूपर्यंत एकशे चौऱ्याहत्तर भरलं. मिलिमीटर मी वाचले नाहीत. आमच्या खोलीत अकरा वर्षं न तपासलेली यंत्रं येतात, आणि त्यातली निम्मी नापास होतात.

"किती आलं?" बाबांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. आईने हात खाली घेतला नव्हता. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "पुरे. दुखेल."

"तो म्हणत होता," आई म्हणाली. एवढंच. तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दादाच्या वाढदिवसाला बाबा दरवर्षी एक शर्ट शिवतात. दुकानात येणाऱ्या त्याच्या वयाच्या गिऱ्हाइकांची मापं बघून छाती-कंबर थोडी वाढवत नेतात. तिशीला माणूस कमरेत सुटतो, म्हणतात. अकरा शर्ट आतल्या कपाटात आहेत. बाकावर बसल्या बसल्या बाबांची नजर त्या कपाटाकडे गेली.

"म्हणजे ते सगळे आखूड," ते म्हणाले. "अकराच्या अकरा."

"नाही, बाबा. ते बरोबर आहेत."

"माझी समजूत घालू नकोस, टाचणी."

हे नाव त्यांनी याआधी कधी वापरलं नव्हतं. ते दादाचं होतं. मी बाकावर त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. त्याचं माप ज्या टेपने घेतलं, कापडही त्याच टेपने कापलं. टेप दोन्हीकडे सारखीच चुकली. शर्ट त्याला बसेल. बाही मनगटावर जिथे यायला हवी तिथेच येईल.

त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला, मान हलवली आणि म्हणाले, "उद्या जाऊ. सुताराला म्हणावं, रविवारी ये."

खिडकीवरच्या बाई आम्हाला ओळखतात. आईला बघितलं की त्या आधी खुर्ची सरकवतात. बाबांनी बाराव्या वर्षी आकडा बदलायचाय म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कारण काय लिहू, काका?"

"टेप ताणली होती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "टेप ताणली होती," त्यांनी तसंच लिहिलं. बाबांनी सही केली. शिंपी असूनही त्यांची सही वाकडी येते, त्या दिवशी जास्तच आली.

"आता हे पक्कं ना? पुन्हा बदलायला येणार नाही ना?"

"तो आला की पुन्हा मोजू," बाबा म्हणाले.

बाईंनी कळ दाबली. आधी पडद्यावर काही नव्हतं. मग चार ओळी आल्या. चार माणसं, वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या वर्षांची, सगळी या ना त्या मापाने दादाएवढी. आई खुर्चीत पुढे सरकली. मी तिचा दंड धरला. बाईंनी एकेक ओळ उघडून हळू आवाजात वाचली. पहिल्याचा डावा हात लहानपणीच मोडून वाकडा जुळलेला होता. दुसऱ्याचं वय पन्नासच्या पुढे होतं. तिसऱ्याच्या दंडावर जन्मखूण होती, दादाला नव्हती. प्रत्येक वेळी बाबा "नाही" म्हणत होते आणि प्रत्येक "नाही"नंतर श्वास सोडत होते.

चौथी नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती. एका दूरच्या निवारागृहातला माणूस, तेव्हा वय अंदाजे बावीस, बोलत नसे. खूण, व्रण, काही लिहिलेलं नव्हतं. फोटोच्या जागी रिकामा चौकोन. दोन वर्षांनी त्याला कुठल्या तरी दुसऱ्या निवाऱ्यात हलवलं, कुठे ते नोंदीत नव्हतं.

"पत्र पाठवते," बाई म्हणाल्या. "पण काका, आशा जास्त..."

"पाठवा," आई म्हणाली.

पत्र जाऊन सात आठवडे झाले. उत्तर नाही. दर सोमवारी मी कामावरून फोन करते, बाई उचलतात आणि आवाज ओळखून म्हणतात, "अजून नाही गं." साहेब तेवढा वेळ काहीतरी आणायला खोलीबाहेर जातात.

नवी चौकट बसली. दादाच्या खुणा मी तिच्यावर उतरवल्या, पोलादी टेपने. बाबांनी नवी टेप आणली आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला. वहीतल्या जुन्या मापावरून नव्या टेपने एकाचा शर्ट कापला. शेजारचे निवृत्त मास्तर, पोटावर बटण लागेना. "अहो, मी वाढलो की तुम्ही आटलात?" मास्तर म्हणाले. आता बाबा सगळ्यांची मापं नव्याने घेतायत. वहीत जुन्या आकड्यांवर रेघ मारतात आणि शेजारी नवा लिहितात.

फक्त दादाच्या पानावर रेघ मारलेली नाही. जुनी टेप खिळ्याला टांगलेली आहे आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

काल दुपारी त्यांनी ती काढली. पुढच्या महिन्यात दादाचा वाढदिवस आहे. टेबलावर निळं कापड पसरलेलं होतं.

"बत्तिसाव्याला कंबर किती धरू?" त्यांनी विचारलं.

"अर्धा इंच वाढवा."

"निवाऱ्यात कसलं खायला मिळत असेल," ते म्हणाले. कंबर गेल्या वर्षीएवढीच ठेवून त्यांनी खडूने खूण केली आणि शिवणीत आत दोन बोटं कापड जास्त सोडलं, लागलं तर उसवता यावं म्हणून.