रविवारी मुकी केलेली बेल

मी दारावरची बेल बोलतेय. हो, तीच, जिच्या आवाजाने पेपरवाला स्वतःच दचकतो! माझं बटण बाहेर, तोंड आत. शाळा पाहिली नाही, पण पंधरा वर्षं माणसं पाहिली. आतून “कडमडला का हा आत्ताच?” आणि दार उघडलं की “या या, तुमचीच आठवण काढत होतो!” हसून हसून माझे स्क्रू ढिले झालेत.

सध्या मात्र डोकं फिरलंय.

घरमालक क्लासवाले सर. शिस्तीचा पुतळाच! घटस्फोटानंतर सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडे राहिली. कोर्टाचा हुकूम होता: दर रविवारी दहा ते पाच मुलगी आईकडे. आई नर्स. ठरल्या वेळी दारात हजर.

सरांनी काय केलं? वायरमन बोलावून चपलांच्या कपाटात माझा खटका बसवला. रविवारी मी मुकी! बाहेर आई बटण दाबतेय, दार ठोठावतेय. आत टीव्ही कोकलतोय. असे सात रविवार. वर कोर्टात सर म्हणतात, “ती येतच नाही. बेल वाजलीच नाही.” मेल्या, माझ्या नावावर खपवतोस?

मग आईने घरी येऊन पाहणी व्हावी असा अर्ज केला. आठव्या रविवारी तिच्यासोबत कोर्टाने नेमलेल्या वकीलबाई आल्या. “कोर्टातून आलोय, दार उघडा!” सर घाम पुसत म्हणाले, “बेल बिघडलीय, मॅडम.”

पण सरांना प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक करायची खोड. आजी, म्हणजे सरांची आई, विसरते म्हणून फ्रिजवर सुवाच्य अक्षरात चिकटवलेलं: ‘रविवार, ९.५० – बेल बंद. टीव्ही मोठा.’ खाली लाल रेघ!

बाईंनी आत येऊन त्या कागदाचा फोटो काढला. आजी पुटपुटली, “तरी म्हणत होते, लिहू नकोस.”

जजसाहेब कडाडले, “हुकूम पाळायचा असतो, सर. तपासून मार्क द्यायचे नसतात!” दंड झाला. बुडालेले रविवार सुट्टीत भरून द्यायचे. पुन्हा अडवलं तर अवमानाबद्दल तुरुंग, आणि मुलीच्या ताब्याचाही फेरविचार.

आज दहाला मी अशी किंचाळले की शेजारी बाहेर आले. मुलगी पिशवी घेऊन आली, पण पाऊल उचलेना.

“आई, तू मला विसरलीस ना? बाबा म्हणाले.”

“नाही गं राणी. दर रविवारी इथेच उभी होते.”

“मग बेल का नाही वाजली?”

आईने सरांकडे पाहिलं. सर चपलांकडे बघताहेत.

जजसाहेबांनी रविवार परत दिले हो, पण हे उत्तर कोण देणार? मी तर पुरती कोकलले. आता तुम्ही तोंड उघडा की, सर! पोरगी अजून उंबऱ्यातच उभी आहे.