बनशंकरी ते देवनहळ्ळी, आत्तेंसह

लांबचा प्रवास करायला बेंगळुरात गाव सोडावं लागत नाही. दक्षिण टोकाच्या बनशंकरीहून उत्तरेला विमानतळापाशी देवनहळ्ळीला निघालं की तेवढ्यात माणसाची सगळी हौस फिटते. त्यात मागच्या सीटवर माझ्या सासूबाई बसलेल्या असल्या, तर प्रवास आणखी लांबतो.

आमच्या घरात सासूला आत्ते म्हणतात. मी मूळची बेळगावची. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आले आणि घरातल्या बाकी शब्दांबरोबर हाही उचलला. राजलक्ष्मी आत्ते चार वर्षांत माझ्या गाडीत बसल्या नव्हत्या. चार वर्षांपूर्वी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवरून उतरताना मी गाडी दुभाजकावर घातली होती. मला खरचटलंही नाही, त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्यानंतर त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गाडीची किल्ली उचलली की त्यांना मेट्रो आठवायची, एवढंच.

माझी नणंद आश्लेषा देवनहळ्ळीला राहते. एरवी आत्ते तिच्याकडे बसनं जायच्या. पण आज तिच्या मुलीचं बारसं होतं, साडेदहाचा मुहूर्त होता आणि घरचा सागवानी पाळणा न्यायचा होता. पाळणा घेऊन बसमध्ये कोण चढणार? दोन टॅक्सीवाल्यांनी बुकिंग घेतलं आणि रद्द केलं. माझा नवरा रविकिरण बॅडमिंटनमध्ये मनगट मोडून प्लास्टर मिरवत होता. उरले मी. आत्ते देवघरात जाऊन आल्या आणि मागे बसल्या.

"अम्माला बोलतं ठेवायचं," रवीनं माझ्या कानात सांगितलं. "तिचं लक्ष रस्त्यावर जाता कामा नये."

त्यानं भेंड्या सुरू केल्या. आत्ते गायल्या नाहीत. आमची नऊ वर्षांची रक्षिता पुढच्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज करायला लागली. आत्तेंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांचा हात माझ्या सीटच्या पाठीवर होता, आणि मी ब्रेकला पाय लावला की त्यांची पकड घट्ट व्हायची. मला ते मानेपाशी कळत होतं. पाऊण तासात आम्ही सहा किलोमीटर गेलो.

शेवटी शांतता असह्य होऊन मी म्हणाले, "आत्ते, बारशाला तुमच्या भावजय येणार ना, पद्मावती मामी?"

"भावजय?" मागून आवाज आला. "भावजय नंतर झाली. आधी ती माझ्या अक्काची मुलगी. माझी भाची."

झालं! अकरा वर्षं झाली तरी मी या घराच्या नात्यांत पाय अडकून पडते. आत्तेंच्या धाकट्या भावानं, उपेंद्र मामांनी, थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलेलं. इकडच्या जुन्या घरांत ही रीतच आहे.

"मग त्यांचा गुरुदत्त तुझा कोण, अज्जी?" रक्षितानं विचारलं.

"भावाचा मुलगा, म्हणून भाचा. भाचीचा मुलगा, म्हणून नातू."

"आणि अप्पाचा?" तिनं रवीकडे बोट दाखवलं.

"मामेभाऊ. आणि मावसबहिणीचा मुलगा, म्हणून भाचासुद्धा."

"मग मी त्याला काका म्हणू की भाऊ म्हणून अण्णा?"

आत्तेंना हसू फुटलं. "काय हवं ते म्हण. गिफ्ट मात्र दोन माग."

मग गाडीत नुसता गोंधळ. रवी मुद्दाम चुकीची नाती लावायचा, आत्ते त्याला झापायच्या. मेखरी सर्कल कधी मागे पडलं कळलं नाही. सीटवरचा हात केव्हाच निघाला होता, कारण आत्तेंना बोटांवर पिढ्या मोजायच्या होत्या.

हेब्बाळ आलं तसा रवीचा आवाज उगाचच चढला. मी त्याला गप्प बस म्हणणार होते, पण तेवढ्यात चढ आला. आम्ही फ्लायओव्हर चढलो, उतरायला लागलो आणि डावीकडून एक बस न सांगता आमच्यापुढे घुसली. मी ब्रेक मारला. डिकीत पाळणा धाडकन आदळला. गाडी बसपासून हातभर अंतरावर, सरळ थांबली.

मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा मी गाडी पुढे काढली. फ्लायओव्हर संपल्यावर आत्ते म्हणाल्या, "स्वल्प बाजूला घे."

संपलं सगळं, असं मला वाटलं. आता या उतरतील आणि बस धरतील. सर्व्हिस रोडला गाडी लावली. आत्ते खाली उतरल्या, पदर सावरला आणि पुढचं दार उघडलं.

"रवी, तू मागं जा. मागून हिच्याशी बोलायचं म्हणजे माझी मान अवघडते."

त्या माझ्या शेजारी बसल्या. पट्टा त्यांना लावता येईना, तो मी लावून दिला. मोडलेल्या हाडावरूनच तो जात होता.

"आत्ते, अजून भीती वाटते?"

"वाटते की. तुझी नाही, त्या बसवाल्यांची," त्या म्हणाल्या. "तुला हे आधीच सांगायला हवं होतं. चार वर्षं गप्प राहिले, ते चुकलं माझं. सरी, ठीक आहे, चल आता. मुहूर्त आहे."

मला रडू आलं. ते आवरून मी गाडी चालू केली.

येलहंका मागे पडताना रक्षितानं पुढचा प्रश्न विचारला, "अज्जी, पाळण्यातली बाळी गुरुदत्तची कोण?" उत्तर आलं नाही. मी बाजूला पाहिलं. आत्तेंची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि त्या गाढ झोपल्या होत्या. मी रक्षिताला ओठांवर बोट ठेवून खुणावलं. रवीनं फोन बंद केला.

दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही देवनहळ्ळीत शिरलो. आश्लेषाची गल्ली समोर दिसत होती.

"उठवू अम्माला?" रवीनं हळूच विचारलं.

मुहूर्ताला पंचवीस मिनिटं होती. "नको," म्हटलं, आणि गल्लीत न वळता मी गावातल्या जुन्या किल्ल्याभोवती सावकाश एक चक्कर मारून आणली.