चार बोटांची पाचर

सरकारी दवाखान्याचं छत खाली आलं. कोसळलं नाही. लांबचा पाहुणा मुक्कामाला येतो तसं संकोचत, हळूहळू आलं आणि मग हलेना. पण असं काही घडलेलंच नाही, असं परिपत्रक निघालं आहे. तेव्हा ते नाही घडलं. आपण मिस्त्रींकडे वळू.

मिस्त्री नगरपालिकेच्या सुतारखात्यात बत्तीस वर्षं रंधा मारत होते. त्यांची ताई सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्यात डायलिसिसला जायची. तो विभाग पैशाअभावी बंद करायचा का, हे ठरवायला समिती येणार होती. समितीला आकडे वाचायचा कंटाळा, म्हणून प्रसिद्धी विभागाच्या बाईंनी आकडे लाकडात मागवले. शहराचा वर्षाचा आरोग्यखर्च म्हणजे चार बोटं उंचीचा ठोकळा. शेजारी, त्याच मापाने, गावातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची मालमत्ता. त्याला सगळे आभाळशेठ म्हणत.

मिस्त्रींनी हिशोब केला, पेन्सिल कानामागे खोचली, पुन्हा काढून पुन्हा हिशोब केला.

"बाई, दीडशे फूट येतंय."

"प्रदर्शनाचं दालन बारा फूट उंच आहे, मिस्त्री. मधे नागमोडी रेघ मारा आणि कापा की. सगळे तसंच दाखवतात."

"सगळे कापतात म्हणून तर कुणाला कळत नाही. मी मापात पाप करणार नाही."

समितीने एकदा मान वर करून बघितलं, की लाजेकाजेस्तव तरी ताईचं मशीन चालू राहील, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

दालनाच्या छताला भोक पाडायचा अर्ज चहा निवायच्या आत मंजूर झाला. दवाखान्याच्या फुटक्या खिडकीचा अर्ज चार वर्षं टेबलं फिरत होता. पण त्यात आभाळशेठचं नाव नव्हतं.

नऊ दिवसांत आभाळशेठच्या मालमत्तेचा खांब उभा राहिला. दहाव्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी सवयीने माप घेतलं, तर एकशे एकसष्ट. वरच्या अकरा फुटांना सांधा नव्हता, खिळा नव्हता. लाकूड ओलं होतं. रंगाऱ्याने खांबाला कान लावला आणि ब्रश खाली ठेवला.

"मिस्त्री, आत कुणीतरी घोट घेतंय."

"भाव वाढला असेल," बाई म्हणाल्या आणि फलकावरचा आकडा दुरुस्त करायला सांगितला.

समिती जिना चढत असतानाच खांब कलला. दालनभर एक कण्हणं घुमलं. सुताराचा हात डोक्याला विचारत नाही. मिस्त्रींनी शेजारचा, नेमका जाडीला बसेल असा ठोकळा उचलला, फटीत घातला आणि हातोडीचे तीन घाव दिले. खांब ओळंब्यात आला. तेव्हा कुठे त्यांना दिसलं, की पाचर म्हणून आरोग्यखर्च ठोकला आहे.

समितीने मान वर केली. पण लाजली नाही; टाळ्या वाजवल्या.

"आणि आरोग्य कुठाय?" एका सभासदाने विचारलं.

"खाली, साहेब," बाई म्हणाल्या. "आधाराला."

"वा! मग विभाग चालू राहू दे. आहे तिथेच."

मिस्त्रींना वाटलं, भरून पावलो.

बुधवारी ताईचा फोन आला. "अरे गाढवा, दवाखान्याचं दार बुटकं झालंय, का मीच या वयात उंच व्हायला लागलेय?"

शुक्रवारी ते स्वतः गेले. दारातून वाकून जावं लागलं, व्हरांड्यात रांगावं लागलं. समोरून परिचारिका गुडघ्यांवर ट्रे ढकलत येत होती. "होते सवय," ती म्हणाली. "उंच डॉक्टरांनी बदली मागितलीय."

आत फक्त मशीनची घरघर, आणि वरून, फार वरून, घोट घेतल्याचा आवाज. ताई उताणी पडली होती. छत तिच्या नाकापासून वीतभर उंचीवर. तिच्या श्वासाने तिथे ओलसर डाग पडला होता.

"कुशीवर वळता येत नाही रे," ती म्हणाली. "बाकी मस्त चाललंय. माश्या नाहीत."

मिस्त्रींनी छत चाचपलं. बोटांना चुना लागला नाही. त्यांच्याच रंध्याच्या खुणा लागल्या.

ते धावत दालनात गेले आणि पाचरीला पटाशी लावली. खांब गुरगुरला. रस्त्यावरची सगळी माणसं एकाच वेळी थांबली आणि मान खाली घालून पुन्हा चालू लागली.

"काढाल तर खांब शहरावर पडेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि विमा खांबाचा आहे, मिस्त्री. शहराचा नाही."

"मग ताई?"

"अर्ज करा ना."

मिस्त्रींनी कागद मागितला आणि लिहिलं:

"प्रति, मा. अध्यक्ष, खांब देखभाल समिती. विषय: खांब अंशतः उचलून धरणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर खांब दर सोमवार, बुधवार व शुक्रवार रोजी सकाळी नऊ ते एक या वेळेत चार बोटं उचलून धरण्यात यावा, जेणेकरून रुग्णास कुशीवर वळणे शक्य होईल. श्री. आभाळशेठ यांच्या सोयीनुसार वेळेत बदल केल्यास अर्जदाराची हरकत नाही. चार बोटं शक्य नसल्यास दोनही चालतील."