शकुबाईची अकरा मतं

ही गोष्ट २०२४ सालची, मे महिन्यातली. तेरा तारीख होती आणि वार सोमवार. आमच्या कामोठ्यात लोकसभेचं मतदान होतं. माझे यजमान, अब्दुल लतीफ मुकादम, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी पूर्ण गेली होती. घरी येऊन मत घेण्याची सोय सरकारने केली होती. त्याचा अर्ज घेऊन एक बाई आल्याही होत्या. ह्यांनी तो परत पाठवला. म्हणाले, "मय्यतीला माणसं घरी येतात. मताला आपण जायचं."

दृष्टी नसलेल्या मतदाराला आत एक सोबती नेता येतो. यंत्रावरचं बटण तो दाबतो. ह्यांना सोबती म्हणून आमचा नातू हवा होता, आणि तोच तयार नव्हता.

सुहेल आमच्या मुलीचा मुलगा. मुलगी आणि जावई कुवेतला, म्हणून तो बारावीपासून आमच्याकडेच राहतो. ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करतो. पाच वेळची नमाज चुकवत नाही आणि आजोबांना रोज आंघोळ घालतो. मुलगा म्हणून त्याच्यात खोट नाही. पण वर्षभरापासून तो मोबाईलवर कुणा परदेशातल्या मौलानांची व्याख्यानं ऐकत होता, आणि मत देणं पाप आहे असं त्याने ठरवून टाकलं होतं. अठरा वर्षांचा झाला तेव्हा मीच रांगेत उभी राहून त्याचं नाव यादीत घातलं होतं. त्यामुळे मला ते जरा जास्तच लागलं.

"नानी, तू टेन्शन नको घेऊ," आदल्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला. "रिक्षा मी करून देतो. नानांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली पण आणतो. फक्त आत येणार नाय."

"का ते नीट सांग," ह्यांनी विचारलं.

"हुकूम फक्त अल्लाहचा. कायदे करायला माणसं निवडायची म्हणजे त्या हुकमात वाटेकरी आणायचा. आणि तसंही आपल्याला विचारतंय कोण, नाना? मत मागायला येतात तेव्हा मशिदीच्या गेटवर फोटो काढतात. घरात पाणी प्यायला कधी आले?"

"मत म्हणजे गवाही. गवाही लपवू नये."

"गवाही कोणाची द्यायची? दोघांतला एक तरी खरा असला पाहिजे ना."

ह्यांना हसू आलं. मला नाही आलं. तेवढ्यात समोरच्या मुक्ताबाई दही मागायला आल्या. साताऱ्याकडच्या बाई, यजमान शहाजीराव बाजार समितीत माथाडी होते. वीस वर्षांत आमच्या घरातलं कुठलं भांडण त्यांच्याशिवाय पूर्ण झालेलं नाही. मी पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मला मास्तरीणबाई म्हणतात.

"काय वं मास्तरीणबाई, म्हातारबांना कोन नेणार उद्या? ह्यो पोरगा न्हाई म्हंतोय व्हय? आरं बाबा, लगीन करताना तरी हो म्हनशील का न्हाई?"

सुहेल लाजून उठून गेला. मुक्ताबाईंच्या हातात दह्याची वाटी देताना मी म्हटलं, "मीच नेईन. माझं नाव त्याच केंद्रावर आहे."

ह्यांनी कप चाचपून उचलला आणि उरलेला चहा संपवला.

त्या रात्री मला शकुबाई आठवली.

आमचं गाव खाडीकाठी होतं. आता तिथे इमारती आहेत आणि नावापुरती एक गल्ली उरली आहे. तेव्हा मात्र मिठागरं होती, आणि मोहल्ल्याच्या मागे तिवरांत भरतीचं पाणी यायचं. आम्ही कोकणी मुसलमान, आमचा कारभार जमातीचा. लग्न, मय्यत, भांडण, सगळं जमातीपुढे. जमातीची स्वतःची भांडी होती. दोन तांब्याच्या मोठ्या देगी, सहा पातेली आणि दीडशे ताटं. लग्न ठरलं की पहिलं काम म्हणजे जमातीकडे भांडी मागायची. खोलीची किल्ली चिटणिसाच्या करदोट्याला असायची. चिटणीस हेच होते.

चौऱ्याऐंशी साली पंचायतीची निवडणूक आली. आमचा वॉर्ड म्हणजे आमचा मोहल्लाच. जमात बसली आणि ठरलं की सगळी मतं एका ठेकेदाराला द्यायची, तो कब्रस्तानाची भिंत बांधून देणार होता. ह्यांनी सगळ्यांच्या वतीने त्याला जबान दिली. त्याच्या विरुद्ध उभी होती शकुबाई, पलीकडच्या आगरी आळीतली सुईण. मोहल्ल्यातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली होती. माझी मुलगी आडवी आली होती, तेव्हा शकुबाई पहाटेपर्यंत माझ्या उशाशी बसून राहिली. तिचं चिन्ह कपबशी. तिला वाडीत दवाखाना हवा होता, दुसरं काही नाही.

जमातीत एकटा दाऊद कर्जीकर उभा राहिला. मिठागरावर काम करायचा. म्हणाला, "जमातीने लग्न बघावं, मय्यत बघावी. मत ज्याचं त्याचं." त्याला खाली बसवलं.

मतदानाच्या दिवशी मी पडद्याआड गेले, शिक्का हातात घेतला, आणि तो कपबशीवर मारला. याचं मला आजही नवल वाटतं.

मोजणी झाली. ठेकेदार आरामात निवडून आला, पण मोहल्ल्यातून शकुबाईला अकरा मतं पडली होती. जमातीने दिलेली जबान अकरा मतांनी खोटी ठरली. हे घरी आले, पागोटं खुंटीवर टाकलं आणि म्हणाले, "अकरा मतं फुटली." मी भाकरी थापत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अकराच?" मग मी भाकरी जोरजोराने थापायला लागले. त्यांनी ते ऐकलं नाही, अशीच मी समजूत करून घेतली.

अकरा कोण, याचा शोध सुरू झाला. दाऊदच्या घरात मतं पाच, त्याच्या भावाच्या घरात सहा. बेरीज जुळली. एवढ्या सोप्या बेरजेवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. मोहल्ल्यातल्या बायका असं काही करतील हे एकाही पुरुषाच्या मनात आलं नाही. दोन महिन्यांनी दाऊदच्या मुलीचं लग्न होतं. तो भांडी मागायला आला तेव्हा ह्यांनी किल्ली काढली नाही.

दाऊदने कुणापुढे हात जोडले नाहीत. आगरी आळीत देवजी म्हात्र्यांकडे गेला. त्यांच्या गावकीचीही तशीच भांडी होती. देवजी म्हणाले, "ने ना. बिर्यानी हाय का भाजी हाय, टोपाला काय कलतंय?" लग्न त्यांच्या भांड्यांत झालं. जमातीतलं एकही माणूस जेवायला गेलं नाही. मी पण नाही गेले. मी खिडकीत उभी राहून सनईऐवजी लागलेल्या रेकॉर्डी ऐकत होते, आणि त्या अकरांतलं एक मत माझं आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे जमीन संपादनात गेली, घरं उठली, दाऊद तळवलीला राहायला गेला. आम्ही इकडे आलो. कपाटातली वस्तू जशी मागे ढकलत जातो तशी ती गोष्ट मागे गेली, पण गेली कुठेच नाही.

तर तेरा तारीख. सकाळी हे साडेसहालाच तयार. पांढरा सदरा, टोपी, हातात मतदार ओळखपत्र. जमातीच्या मोबाईल ग्रुपवर शुक्रवारीच निरोप आला होता, सगळ्यांनी कुठलं बटण दाबायचं त्याचा. सुहेल तो वाचून दाखवायला लागला तसं ह्यांनी हात वर केला. "नको. आयुष्यभर असले निरोप मीच लिहिले."

"चला," मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर आत."

"तू नको. तुझ्यावर भरवसा नाही."

"अहो!"

"तू तुला हवं तेच दाबशील. चौऱ्याऐंशीत दाबलंस तसं." मग सुहेलच्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवून म्हणाले, "मी अकरा मतं फुटली म्हटलं, तर तुझी नानी काय म्हणाली ठाऊक आहे? अकराच?"

मी पलंगावर बसले. चाळीस वर्षं हा माणूस माझ्या हातची भाकरी खात होता, आणि त्याला माहीत होतं.

"माहीत होतं, तरी तुम्ही दाऊदला..."

"हो. माहीत होतं, आणि कुलूप मीच लावलं. जमातीला बेरीज मिळाली होती. ती चुकीची आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्या घराचा आला असता." हातातलं ओळखपत्र त्यांनी उलटसुलट केलं. "तुला वाचवलं असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे चिटणीसपद वाचवलं."

सुहेल दाराशी उभा होता. त्याला ही गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती.

"सुहेल," हे म्हणाले, "मी कधीही माझं मत दिलं नाही. जमातीचं दिलं. तू तर तेही देत नाहीस, कारण मोबाईलने तुला सांगितलं. आपल्या दोघांत फरक किती? मला मरायच्या आधी एक मत माझं द्यायचंय. तुझं मत मी मागत नाही. फक्त बोट माग​तो."

"बटण मी दाबलं तर ते माझ्याच हिशेबात येणार ना, नाना?"

"मत माझं, बोट तुझं. अल्लाहला एवढा फरक कळत असेल. पाप असलं तर माझ्या नावावर घाल."

सुहेलने वाकून त्यांच्या पायात चपला सरकवल्या.

शाळेत केंद्र होतं. मुक्ताबाई रांगेत आमच्या पुढे. मागे वळून सुहेलला म्हणाल्या, "आलास व्हय रं!" त्याने मान खाली घातली. आत अधिकाऱ्याने त्याच्याकडून लिहून घेतलं, की हे मत तो कुणालाही सांगणार नाही. सोबत्याला शाई उजव्या हाताच्या बोटाला लावतात. टेबलावरच्या बाईंनी शाई लावली आणि विचारलं, "तुमचं स्वतःचं मतदान?"

"नाही करत," तो म्हणाला. मला वाईट वाटलं. पण खोटं बोलला नाही, याचं बरंही वाटलं.

यंत्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यामागे दोघांची डोकी जवळ आली. हे त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. सुहेल चमकून त्यांच्याकडे बघायला लागला. त्यांनी मान हलवली, हो, तेच. मग यंत्र लांबलचक वाजलं.

रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "दाऊदला फोन लाव. नंबर त्याच्या मुलीकडे आहे."

सुहेलने जमातीच्या ग्रुपवरून मुलीला गाठून फोन लावला. ह्यांनी सलाम केला, नाव सांगितलं. मग हे म्हणाले, "दाऊद, अकरांत तुझी मतं नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं. माफ कर."

दाऊदचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला. "नव्हती कशी? माझं एक होतं. बाकीच्या दहांचं मला ठाऊक नाही." मग खोकत हसला. "चिटणीस, आता भांडी मिळतील का? पणतीचं लग्न काढतोय."

ह्यांनी फोन सुहेलच्या हातात दिला. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. घर येईपर्यंत तिची किनार बोटांनी चाचपत होते.

हे गेले त्याच वर्षीच्या डिसेंबरात, झोपेत. मय्यतीला दाऊद तळवलीहून काठी टेकत आला आणि पहिल्या रांगेत उभा राहिला. तो पुढच्या पावसाळ्यात गेला. पणतीचं लग्न त्याने पाहिलं. जेवण केटररचं होतं, जमातीच्या भांड्यांना आता कुणी विचारत नाही. दोन्ही देगी मशिदीच्या गच्चीवर पालथ्या पडलेल्या आहेत. शकुबाई कधीच गेली. तिचा दवाखाना झाला नाही. देवजींची नातवंडं त्यांच्या जुन्या घराच्या जागी बांधलेल्या इमारतीत राहतात. शहाजीरावांना घेऊन मुक्ताबाई गावी गेल्या, पण दर आठवड्याला फोन करून दह्याचं विरजण कसं लागलं ते विचारतात.

सुहेलने हे असतानाच, त्या नोव्हेंबरात, विधानसभेला मत दिलं. सकाळी एकटाच गेला, जमातीचा निरोप न वाचता. ती व्याख्यानं तो अजून ऐकतो, आणि काही वेळा त्यांच्याशी मोठ्याने भांडतो. नानांनी त्या दिवशी कानात काय सांगितलं ते मी त्याला तीनदा विचारलं.

"नानी, सही करून दिलीय," तो म्हणतो.