माळ्यावरची चादर

बाथरूमचं दार समजून मी उघडलं, तर समोर गाय उभी.

खरी नव्हे, भिंतभर फोटो होता. पण भल्या सकाळी, चष्मा उशाशी विसरून आलेल्या बाईला ते कसं कळावं? मी दार तसंच ओढून घेतलं आणि मागे वळले, तर स्वयंपाकघराच्या टेबलाशी मास्तर चहा घेऊन बसलेले. त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि तरी ते हसले नाहीत. एरवी या माणसाने त्या गाईवरून मला महिनाभर पिडलं असतं, येता-जाता हंबरून दाखवलं असतं. आज नुसते उठले, योग्य ते दार उघडून धरलं आणि म्हणाले, "सावकाश, आई. एक पायरी आहे खाली."

इतकं गोड वागणं दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

मास्तर म्हणजे माझे जावई. मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेत ते शिकवतात. शेजारचा माणूस क्लच आणि ब्रेक यांचा काला करत असताना चेहरा हसरा ठेवायचा, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. आमचे हे गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. लेकीकडे राहते असं म्हणायला हवं खरं, पण माझी लेक ठकी ऑफिसच्या कामात इतकी बुडालेली असते की सकाळचा चहा, डोळ्यांचे डॉक्टर, टीव्हीवरच्या बातम्यांवरून वाद, हे सगळं माझं मास्तरांशीच. रविवारी चादरी धुतल्या की घड्या घालायलाही तेच येतात.

घड्यांचं थोडं सांगते. मी नोकरीभर हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये होते. चादरी, अभ्रे, ब्लँकेटं यांतच जन्म गेला. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालू नये, सुरकुती राहते. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकांकडे चालत यायचं, मग एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि खाली वाकून लोंबणारी कड उचलायची. ठकीला हे कधी जमलं नाही, म्हणजे तिने जमवलं नाही. मास्तरांना मी शिकवलं. गादीच्या कोपऱ्याशी चादर आधी तिरकी उचलून मग खाली खोचायची आमची हॉस्पिटलची रीतही शिकवली. घडीत वाकायची वेळ आली की ते दर रविवारी म्हणतात, "गिअर बदलला, आई." आणि दर रविवारी मला हसू येतं.

तर हे घर. शहराबाहेरचं एक जुनं शेतघर, पडायला आलेलं. कोणा नवरा-बायकोने ते विकत घेऊन दगडन् दगड नीट बसवला आणि आता सुट्टीला भाड्याने देतात. मालकीणबाईंनी आल्या आल्या आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. मोठी हौशी बाई. गव्हाण होती तिचं बेसिन केलेलं, जुन्या दाराचं जेवायचं टेबल, कोंबड्यांच्या खुराड्यात पांढरेशुभ्र टॉवेल. प्रत्येक दारावर एक पाटी, आणि त्या पाटीवर आता तिथे काय आहे ते नाही, पूर्वी काय होतं ते लिहिलेलं. टीव्ही बघायचा तर गोठ्यात जायचं, आंघोळ करायची तर दूधघरात. मी झोपायची ती धान्याच्या कोठारात. पहिल्या दिवसभर मी कुठे निघाले आणि कुठे पोचले, याचा काही मेळ लागला नाही. इथले लोक हे सगळं सोडून का गेले, असं मी विचारलं, तर मालकीणबाई म्हणाल्या की ते कोणालाच ठाऊक नाही. छप्पर धड होतं, विहिरीला पाणी होतं, तरी कुलूप लावून गेले.

पण माझा खरा गोंधळ दारांचा नव्हता. आम्ही इथे का आलो, हेच मला कळेना. वाढदिवस कोणाचा नाही, सुट्टीचा मोसम नाही. आणि निघायच्या आधी मी ठकीला फोनवर बोलताना ऐकलं होतं. "घरी नको," ती कोणाला तरी म्हणत होती, "आईला तिथे गेल्यावरच सांगू."

मला काय सांगणार? त्यावर मी बराच विचार केला आणि शेवटी एकच गोष्ट हाताला लागली. आमच्या मजल्यावरच्या आजींना त्यांच्या मुलाने असंच आधी दोन दिवस समुद्रावर नेलं होतं, आइस्क्रीम खाऊ घातलं होतं, आणि परत आल्यावर वृद्धाश्रमात. तिथून त्या फोन करतात आणि जेवण चांगलं असतं असं सांगतात. मला तसा फोन करायचा नव्हता. माझा कोपरा, माझं कपाट, सकाळचा तो चहा, हे सोडायची माझी तयारी नव्हती. इथे स्पष्टच सांगते, मी घाबरले होते.

त्यात या दोघांचं वागणं. मला शालीत गुंडाळून उन्हात बसवणं, माझे फोटो काढणं, हे समजण्यासारखं होतं. बळी देताना बकऱ्याला हार घालतात तसं ते. पण ती दोघं एकमेकांशीही तशीच वागत होती. घरी गीझर कोणी चालू ठेवला यावरून दिवस सुरू व्हायचा. इथे मात्र "तुला साखर?" "हो, थँक यू." मास्तर तिच्यासाठी खुर्ची ओढत होते. ती त्यांना वाट देत होती. लग्न ठरवायला आलेल्या दोन घरच्या मंडळींसारखं सगळं आदबीत चाललं होतं. दुपारी टेकडीवर बसून लांबवरच्या शहरातल्या इमारती बघत असताना ठकीने मध्येच विचारलं, "आई, छोट्या घरात तुला करमेल?"

झालं, मी मनाशी म्हटलं, आली वेळ. आणि मुद्दामच तिला सांगितलं की माझे गुडघे दुखतायत, आपण आत जाऊ. तिला बोलू द्यायचंच नाही असं मी ठरवलं. संध्याकाळभर तिने तोंड उघडलं की मी काहीतरी काढत होते. त्या बेसिनमधून गाय पाणी प्यायची की वैरण खायची, यावर मी अर्धा तास काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा मास्तर गाडी घेऊन पाव आणायला गेले होते आणि ठकी दूधघरात आंघोळ करत होती. मला रिकामं बसवत नाही. माझं अंथरूण आवरून झालं होतं, म्हणून त्यांचं आवरायला त्यांच्या खोलीत गेले. लेकीच्या खोलीत असं शिरू नये, मला कळतं. पण विस्कटलेली चादर दिसली की माझे हात ऐकत नाहीत.

पलंग भला मोठा होता. एका बाजूला चादर चुरगळलेली, उशीला खळगा. दुसऱ्या बाजूला उशी फुगलेली आणि चादर मालकीणबाईंच्या बाईने अंथरली होती तशीच, कडा लोंबत सोडलेली. त्या बाजूला कोणी टेकलंही नव्हतं. मास्तर अंगाने काही हलके नाहीत.

मला वाटलं, रात्री थंडी वाजली असेल, दोघं एका बाजूला झोपली असतील. स्वतःशी जरा लाजलेसुद्धा. मग ब्लँकेट ठेवायला जागा शोधताना कोपऱ्यातला लाकडी जिना दिसला. वर माळा होता. पाटी होती, "वैरण". चार पायऱ्या चढून मी डोकं वर काढलं. खिडकीखाली एक अरुंद पलंग होता, पाहुण्यांची मुलं आली तर त्यांच्यासाठी. त्यावर चादर इतकी ताठ की नाणं टाकलं तर उडेल. आणि पायथ्याशी दोन्ही कोपरे आधी तिरके उचलून मग खाली खोचलेले.

या घरात असा कोपरा खोचणारी दोनच माणसं होती, आणि त्यातली मी खाली कोठारात झोपले होते.

मी जिन्यावरच उभी राहिले. मला कळू नये म्हणून ते सकाळी लवकर उठले असणार, सगळं जागच्या जागी केलं असणार. आणि मी शिकवलं तसं नीट केलं म्हणूनच मला कळलं. मग घरचंही एकेक आठवायला लागलं. मॅच बघता बघता मास्तरांना सोफ्यावर लागलेली झोप. कितीतरी मॅचेस. इतक्या मॅचेस असतात तरी का? पण त्याचा अर्थ लावायला गेलं की डोकं चालेना. घोरत असतील म्हणून झोपले असतील वर. मला वृद्धाश्रमात पाठवण्याचा आणि याचा काय संबंध?

मास्तर पाव घेऊन आले, ठकी केस पुसत आली, आम्ही त्या दाराच्या टेबलाशी बसलो. दाराची जुनी कडी टेबलाला तशीच ठेवली होती, ती माझ्या हाताशी होती. मी ती वर-खाली करत राहिले.

"माळ्यावर कोण झोपलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही गं," ठकी म्हणाली.

"मग ते कोपरे कोणी खोचले?"

मास्तरांनी पाव खाली ठेवला. ठकीने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या ओझ्याचं दुसरं टोक धरायला कोणी आहे का, असं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "आम्ही वेगळे होतोय. तू माझ्याबरोबर येशील. छोटं घर आहे, ऑफिसच्या जवळ. तुझं कपाट बसेल त्यात, मी मोजून आले."

खरं सांगायचं तर आधी मला हायसं वाटलं. मला कुठे पाठवत नाहीत, एवढंच डोक्यात शिरलं. मग बाकीचं हळूहळू शिरलं आणि मी ती कडी घट्ट धरली.

काय झालं, असं मी विचारलं. कोणी दुसरी आहे का, दारू आहे का, हात उचलला का. आमच्या वेळी मोडायला काहीतरी लागायचं. दोघांनीही मान हलवली.

"काही झालं नाही, आई," मास्तर म्हणाले. "तेच तर."

मला यातलं काहीही कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी ठकीला विचारलं की हे सांगायला इतक्या लांब कशाला आणलं, तर ती म्हणाली की घरी कुठल्या खोलीत सांगायचं तेच ठरेना. प्रत्येक खोलीत काहीतरी दोघांचं होतं. मग ती रडायला लागली, आणि मास्तरांनी तिला रुमाल दिला, आणि तिने तो घेतला. हे बघून तर माझा गोंधळ आणखीच वाढला. मला मास्तरांवर चिडायचं होतं, लेकीची आई म्हणून तसं चिडायला हवं होतं, पण चीड येईना. उलट त्यांच्याकडे बघवेना.

"तुम्ही कधीही या, आई," ते म्हणाले. "तुमचंच घर आहे."

असं पाहुण्यांना म्हणतात. मी बरं म्हटलं.

निघताना चादरी काढून दारातल्या टोपलीत टाकायच्या, अशी मालकीणबाईंची सूचना होती. ठकी गाडीत सामान भरत होती. मी कोठारातली माझी काढली, मग त्यांच्या खोलीत जाऊन मोठ्या पलंगाची ओढली. धुवायला जाणाऱ्या चादरीची घडी कोणी घालत नाही, मीही कधी घातली नाही. तरी दोन टोकं धरून उभी राहिले. दारात मास्तर आले. त्यांनी काही न विचारता समोरची दोन टोकं उचलली.

आम्ही ती ताणली. एकदा झटकली. मग ते माझ्याकडे चालत आले आणि त्यांनी आपली टोकं माझ्या हातात दिली. आता खाली वाकून कड उचलायची होती, गिअर बदलायचा होता. ते वाकले नाहीत. माझ्या मुठींवर त्यांचे हात तसेच राहिले आणि चादर आमच्या मध्ये लोंबत राहिली.

बाहेर ठकीने डिकी बंद केली. मी त्यांना वाका म्हटलं नाही.