डावा हात

साखर सोडल्याचं सांगणारी माणसं तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरात असतात. आमच्या रस्त्यावरचे घड्याळजी त्यांतलेच. सगळे त्यांना 'पाचमिनिटे' म्हणत, कारण कुठलंही काम ते पाच मिनिटांत करून देणार असत आणि घड्याळ मिळे आठवड्यानं. पण साखरेच्या बाबतीत मात्र ते शब्दाला जागले होते. त्यांना मधुमेह होता; त्यांच्या ताईची दृष्टी याच आजारानं गेली होती, आणि डॉक्टरांनी त्यांनाही बजावलं होतं की असंच चाललं तर डोळे राहणार नाहीत. डोळे गेलेला घड्याळजी करणार काय? घरातला साखरेचा डबा त्याच दिवशी रिकामा झाला. या गोष्टीला आठ महिने झाले होते, आणि ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत ते ती सांगत.

मग दुरुस्त केलेली घड्याळं परत यायला लागली.

पहिलं शाळेतल्या बाईंचं. उघडलं तर चाकाच्या दातांत एक मुंगी अडकून मेलेली. पुढच्या आठवड्यात शिंप्याचं आलं, त्यात दोन. पाचमिनिटे चक्रावले. दुकानात खायचं काही नव्हतं. गिऱ्हाइकांच्या चहासाठी साखरेची एक बरणी होती तेवढी, पाठीमागच्या फळीवर. पण ती दुसऱ्यांसाठी. त्यांनी टेबल घासूनपुसून घेतलं, त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. तरीही दुपारी चारच्या सुमारास मुंग्या भिंतीवरून उतरत, खुर्चीच्या पाठीवरून येत आणि थेट त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर चढत. भिंगातून बघताना त्यांच्या अंगावर काटा येई. आपलं शरीर आतून सडतंय आणि ते मुंग्यांना आधी कळलंय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

एका दुपारी ताई दुकानात येऊन बसली. पाचमिनिटे भिंग लावून कामात वाकले होते. उजव्या हातात चिमटा, डाव्यात घड्याळ. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती. बऱ्याच वेळानं ताईनं विचारलं, "तुझ्याशिवाय दुकानात कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग बरणीचं झाकण कोण वाजवतंय? तिसऱ्यांदा वाजलं."

पाचमिनिटे हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्यांच्या जिभेवर गोडवा होता! कधीपासून होता कोण जाणे. घड्याळ टेबलावर पडलं होतं. त्यांनी डावा हात भिंगाखाली धरला. नखांच्या कडेला साखरेचे कण चमकत होते, आणि एक मुंगी आरामात त्या कणांकडे चालली होती.

"मला खरंच माहीत नव्हतं गं," ते म्हणाले.

"मलाही नव्हतं," ताई म्हणाली. "मीसुद्धा साखर सोडली होती, पाहुण्यांपुरती ठेवली होती. पाहुणे वर्षातून दोनदा यायचे आणि डबा दर महिन्याला संपायचा. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ना, तसं चाललं होतं. एकदा सोडली म्हणजे संपलं, असं समजून मी गाफील राहिले. तू राहू नकोस. चुकलास तर चुकलो म्हण, मला सांग, आणि उद्यापासून पुन्हा सुरू कर. फक्त लपवू नकोस, स्वतःपासूनसुद्धा."

पाचमिनिटे लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी बरणी रिकामी केली, धुतली आणि तिच्यात जुनी, झिजलेली चाकं भरून तिथंच ठेवली. गिऱ्हाइकांना सांगितलं, इथं चहा बिनसाखरेचाच मिळेल. कुणी कुरकुरलं नाही. मुंग्याही यायच्या थांबल्या.

पण ताई अजून रोज चारला येऊन बसते. कधीकधी झाकण वाजतं, आणि गार चाकांना लागून बोटं परत येतात.

"गेला होता का?" ती विचारते.

"गेला होता," ते सांगतात. "आला परत."

मंडळी, सोडलेली सवय घराबाहेर जात नाही. ती पाठीमागच्या फळीपाशी आपली वाट बघत असते. म्हणून 'दुसऱ्यांसाठी' म्हणून काही ठेवू नका, आणि आपलं माणूस जवळ बसवा. आज दुपारी चारला कामात असाल, तेव्हा तुमचा दुसरा हात कुठं आहे, तेवढं बघा.