एकोणीस नंबरचा पाना

थेंब सुटायला बेचाळीस सेकंद लागत. आधी बोल्टाच्या खालच्या कडेला तेलाचा मणी धरायचा, मग तो पोटाशी फुगायचा, क्षणभर रेंगाळायचा आणि खालच्या पुठ्ठ्यावर पडायचा. मैनाने दहा थेंब मोजले, सरासरी काढली आणि वहीत तारखेपुढे लिहिली.

ती अमरावतीत अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवत असे. रविवार मात्र वडिलांच्या जीपखाली जायचा. जीप अठ्ठ्याहत्तर सालची. वडिलांनी, म्हणजे किसनरावांनी, कृषी खात्यात ड्रायव्हर म्हणून तीच चालवली आणि निवृत्त झाल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, अकोल्याच्या लिलावात तीच विकत घेतली. तेव्हा तिचं इंजिन जाम होतं. त्यांचा धाकटा भाऊ देवमन बाळापूरहून ट्रॅक्टर घेऊन आला आणि दिवसभर ओढत त्याने ती अमरावतीला आणून घातली. वाटेत बडनेऱ्याला चहा पिताना किसनरावांचं मन असं काही भरून आलं, की टपरीवरच्या चारचौघांसमोर त्यांनी शब्द देऊन टाकला: गाडी दुरुस्त झाली की देवमनने घेऊन जावी.

शब्द तोंडातून गेला, आणि तेव्हापासून गाडी काही दुरुस्त होईना.

कामं होत होती, नाही असं नाही. इंजिन मोकळं झालं. मैनाने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, सीटना पट्टे आणले. एरवी जुन्या गाडीचा मालक नव्या वस्तूला नाक मुरडतो. किसनराव उलटे. एक काम संपत आलं की तेच विचारायचे, आता अजून काय बदलता येईल. बेबीताईंची, म्हणजे मैनाच्या आईची, काही तक्रार नव्हती. उन्हाळ्यात कुरडया वाळवायला बॉनेटसारखी जागा नाही, आणि गाडी चालू लागली तर वाळवण कुठे घालायचं हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. मैनाला मात्र एकदा तरी ही गाडी भातकुलीच्या रस्त्यावर काढायची होती. तीन वर्षांचे रविवार घालूनही ती फाटकाबाहेर गेली नव्हती.

शेवटी उरला तो हा थेंब. तेलाच्या चेंबरच्या बोल्टाचा तांब्याचा वायसर बदलला की गळती थांबे. पुठ्ठा पंधरा-वीस दिवस कोरडा राही आणि मग एका सकाळी पुन्हा डाग. आधी तिला वाटलं, उन्हाने तेल पातळ होत असावं. पण डिसेंबरातही तेच झालं. मग तिने वहीत आणखी एक रकाना आखला: त्या दिवशी घरात काय घडलं. सहाच्या सहा वेळा तिथे एकच नोंद निघाली. देवमनकाकाचा फोन.

पुढचं काम सोपं होतं. तिने बोल्ट घट्ट केला आणि बोल्टापासून चेंबरपर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. बुधवारी काकाचा फोन आला, की येत्या रविवारी येतो. गुरुवारी रेघ तुटलेली होती. बोल्टावरचा तुकडा साठ अंश सरकला होता. उन्हाने बोल्ट साठ अंश फिरत नाही. त्याला एकोणीस नंबरचा पाना लागतो, आणि तो पेटीत नव्हता. किसनरावांच्या बंडीच्या खिशात होता.

तिला राग आला नाही, नवल वाटलं. फोनवर एक थाप मारली असती तर काय बिघडलं असतं? मग तिच्या लक्षात आलं. बाबा दर रविवारी विहारात पंचशील म्हणत, आणि खोटं न बोलण्याचं शील त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. खात्याच्या लॉगबुकातही कधी एक किलोमीटर वाढवला नव्हता. तेल गळतं असं भावाला सांगायचं, तर ते खरंच गळायला हवं. म्हणून काकाचा फोन आला की ते 'थांब, पाहून सांगतो' म्हणत, जीपखाली जाऊन वाक्य खरं करून येत, आणि मगच उलट फोन लावत.

शनिवारी तिने त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी खिशातून पाना काढून दिला. तिने बोल्ट घट्ट केला, नवी रेघ ओढली आणि पाना स्वतःकडेच ठेवला.

"बाबा, नाही म्हनलं तर काका खाऊन टाकन काय तुमाले?"

"शब्द देल्ला होता म्या, मैना."

"मंग द्या गाडी."

यावर किसनरावांनी फडकं घेतलं आणि आधीच लख्ख असलेला आरसा पुसायला सुरुवात केली.

रविवारी, गळतीचं ऐकूनही, देवमनकाका सकाळच्याच एसटीने आला. काखेत ताडपत्रीचा कोरा हुड होता, गाडीच्या मापाने अकोल्यात शिवून घेतलेला. तो पाहून किसनरावांचा चेहरा आणखीच उतरला. काकाने दारातूनच बेबीताईंना सांगितलं, "वयनी, कुरडया उचला, नाई तं त्याई बाळापूरले येतीन माह्यासंग." बेबीताईंनी सगळ्या कुरडया परातीत भरल्या, पण प्रत्येक कुरडई उचलताना त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

मैनाने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. काका जमिनीवर पालथा पडून खाली डोकावला. किसनरावांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्यांनी मैनाकडे पाहिलं. ती मनगटावरचं घड्याळ बघत होती. बेचाळीस सेकंद झाले, मग आणखी बेचाळीस. पुठ्ठा कोरडा होता.

काका कपडे झटकत उठला. "दादा, झाली म्हना ना मंग गाडी?"

किसनरावांनी एकदा हुडाकडे पाहिलं, एकदा बॉनेटकडे.

"झाली," ते म्हणाले. "पन देवमन, मी गाडी देत नाई."